सी-६० सेंद्रिय द्रावकात विरघळवणे आणि त्याची विद्राव्यता मोजणे: टप्प्याटप्प्याने

सी-६० फुलरीनची, म्हणजे साठ कार्बन अणूंच्या चेंडूसारख्या रेणूची, काळी पूड टोल्युइनमध्ये टाकली की थोड्याच वेळात जांभळा रंग चढतो. बहुतेक चुकांची सुरुवात तिथेच होते. अगदी थोडा पदार्थ विरघळला तरी हा रंग दिसतो. त्यामुळे सगळी पूड विरघळली का, द्रावण संपृक्त झाले का, त्यात न विरघळलेले बारीक कण तरंगताहेत का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर रंगावरून मिळत नाही. एकाच प्रयोगशाळेतले दोन विद्यार्थी त्याच बाटलीतली पूड आणि तेच द्रावक घेऊन निरनिराळे आकडे आणतात. तेव्हा दोष बहुधा तापमानाचा, वेळेचा किंवा गाळण्याचा असतो. खालील पद्धत एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. मुख्य उदाहरण टोल्युइनचे आहे. दुसऱ्या द्रावकात जिथे वेगळे वागावे लागते, तिथे तसे सांगितले आहे.

आधी ठरवा: द्रावण कशासाठी हवे आहे?

दोन कामांची गल्लत होते. पहिले काम म्हणजे ठरावीक तीव्रतेचे द्रावण बनवणे, उदाहरणार्थ १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. इथे पूड पूर्ण विरघळलीच पाहिजे, आणि तीव्रता संपृक्ततेपेक्षा बरीच खाली असली पाहिजे. दुसरे काम म्हणजे विद्राव्यता मोजणे. इथे तळाशी पूड उरलीच पाहिजे आणि द्रावण तिच्याशी समतोलात आले पाहिजे. पहिल्या कामाची घाई दुसऱ्यात चालत नाही. पुष्कळ लोक "आणखी विरघळेना" इथवर पूड टाकत जातात आणि तेवढ्या आकड्याला विद्राव्यता म्हणतात. तो आकडा त्यांच्या संयमाचा असतो, द्रावकाचा नसतो.

टप्पा १: द्रावक निवडणे

खोलीच्या तापमानाला १ मिलिलिटर द्रावकात किती मिलिग्रॅम सी-६० मावते, याचे नेहमी वापरात असलेले आकडे असे:

- मिथेनॉल, ॲसिटोनायट्राइल: जवळजवळ शून्य
- इथेनॉल, ॲसिटोन: सुमारे ०.००१
- हेक्झेन: ०.०४
- क्लोरोफॉर्म: ०.१६, डायक्लोरोमिथेन: ०.२६
- बेंझीन: १.७
- टोल्युइन: २.८
- मिश्र झायलीन: ५.२
- क्लोरोबेंझीन: ७
- कार्बन डायसल्फाइड: ७.९
- टेट्रालिन: १६
- ऑर्थो-डायक्लोरोबेंझीन: २७
- १-मिथिलनॅफ्थलीन: ३३
- १-क्लोरोनॅफ्थलीन: ५१

हे आकडे दिशा दाखवण्यापुरते घ्या. टोल्युइनसाठीच निरनिराळ्या मोजणीत सुमारे २ ते ३ मिलिग्रॅम असे आकडे आले आहेत.

"अध्रुवीय पदार्थ अध्रुवीय द्रावकात विरघळतो" एवढ्या नियमावर इथे भागत नाही. हेक्झेन पूर्ण अध्रुवीय आहे, तरी त्यात टोल्युइनच्या साठाव्या-सत्तराव्या हिश्शाएवढेच सी-६० उतरते. सी-६० चा रेणू मोठा असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांचा सैल ढग असतो. ज्या द्रावकाचे रेणू सपाट, ॲरोमॅटिक आणि सहज ध्रुवीभूत होणारे असतात, ते या पृष्ठभागाला चांगले बिलगतात. म्हणून नॅफ्थलीनची जोडकडी एकट्या बेंझीनकडीला मागे टाकते.

पण जास्त विरघळवणारा द्रावक नेहमीच सोयीचा नसतो. ऑर्थो-डायक्लोरोबेंझीन १८० अंश सेल्सिअसला उकळतो आणि १-क्लोरोनॅफ्थलीन त्याहूनही पुष्कळ वर, त्यामुळे पूड परत मिळवणे कष्टाचे होते. कार्बन डायसल्फाइड ४६ अंशांना उकळतो, म्हणून पूड चटकन सुटी होते, पण त्याचा धोका मोठा आहे. बेंझीन कर्करोगकारक आहे आणि टोल्युइन त्याच्यापेक्षा जास्त सी-६० विरघळवते, तेव्हा बेंझीन वापरायला कारणच उरत नाही.

काही द्रावक फसवतात. प्राथमिक आणि दुय्यम अमाइनमध्ये सी-६० "विरघळलेले" दिसते, कधी हिरवट रंगही येतो, पण तिथे रासायनिक अभिक्रिया झालेली असते आणि बाष्पन करून मूळ सी-६० परत मिळत नाही. एन-मिथिलपायरोलिडोनमध्ये जांभळ्या रंगाचा दिवसागणिक तपकिरी-पिवळा होत जातो आणि रेणूंचे पुंजके बनतात. टेट्राहायड्रोफ्युरानमधून पाण्यात आणलेले पिवळसर "जलीय सी-६०" हे द्रावणच नव्हे, ते नॅनोकणांचे निलंबन आहे. त्याची तीव्रता विद्राव्यता म्हणून लिहू नका.

सौरघटासाठी वापरतात ते पीसीबीएम हे सी-६० ला बाजूसाखळी जोडून केलेले वेगळे संयुग आहे. वरचे आकडे त्याला लागू नाहीत. सी-७० लाही (सत्तर कार्बन अणूंच्या फुलरीनला) नाहीत: टोल्युइनमध्ये ते सी-६० च्या साधारण निम्मेच विरघळते, पण ऑर्थो-डायक्लोरोबेंझीनमध्ये सी-६० पेक्षा जास्त.

> सावधान: कार्बन डायसल्फाइडचा ज्वलनांक (वाफ ठिणगीने पेटू शकेल असे सर्वांत कमी तापमान) उणे ३० अंशांच्या आसपास आहे आणि त्याची वाफ साधारण ९० अंशांच्या तापलेल्या पृष्ठभागानेही आपोआप पेट घेऊ शकते. ठिणगी लागत नाही. हॉट प्लेट, वाफेची नळी, तापलेला ओव्हन असलेल्या हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) तो उघडू नका. टोल्युइनचा ज्वलनांक ४ अंश आहे, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत त्याची वाफ पेटण्याइतकी दाट होऊ शकते.

टप्पा २: पूड तपासणे आणि वाळवणे

बाटलीवर "९९.५ टक्के" लिहिलेले असते ते बहुधा इतर फुलरीनच्या तुलनेत. त्या पुडीत अडकलेला द्रावक त्या टक्केवारीत धरलेला असेलच असे नाही. फुलरीन काजळीतून टोल्युइनसारख्या द्रावकानेच काढतात आणि स्फटिकांत तो द्रावक चिवटपणे धरून बसतो. वजन करताना तुम्ही त्याचेही वजन सी-६० म्हणून धरता. म्हणून निर्वात ओव्हनमध्ये १५० अंशांच्या आसपास रात्रभर ठेवा, थंड करून वजन घ्या, आणखी दोन-तीन तास ठेवून पुन्हा वजन घ्या. दोन वजने जुळेपर्यंत हे करा. थर्मोग्रॅव्हिमेट्रिक विश्लेषणाची (तापवत नेताना वजनातली घट मोजण्याची) सोय असेल तर एक नमुना चालवून घ्या, म्हणजे उरलेल्या द्रावकाची शंका राहणार नाही. संप्लवित (घनाची थेट वाफ करून शुद्ध केलेल्या) दर्जाची पूड मिळाली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

कुठल्या तरी कपाटात वर्षानुवर्षे उजेडात पडलेली पूड विद्राव्यतेच्या मोजणीला घेऊ नका. प्रकाशात घन सी-६० चे रेणू एकमेकांशी जोडले जाऊन बहुलक बनू शकते आणि ते टोल्युइनमध्ये विरघळत नाही. पुडीच्या स्फटिकांतल्या पोकळ्यांत ऑक्सिजनही शिरून बसतो.

तपासणी: ५० मिलिलिटर टोल्युइनमध्ये ५ मिलिग्रॅम पूड अंधारात रात्रभर हलवत ठेवा. ही तीव्रता संपृक्ततेच्या पाव हिश्शाहूनही बरीच कमी आहे, म्हणजे तळाशी काहीच उरायला नको. काळा किंवा तपकिरी गाळ उरला तर तो न विरघळणारा भाग आहे. रंग मॅजेंटा-जांभळा असावा. तो लाल वाइनकडे झुकला तर सी-७० मिसळलेले असण्याची शक्यता मोठी. वर्णपटात ४७० नॅनोमीटरजवळ उंचवटा दिसला तर ती शंका पक्की होते, कारण तिथे सी-६० चे शोषण फार थोडे आणि सी-७० चे जोरदार असते.

टप्पा ३: भांडी आणि साधने

इथे बारकावे जास्त आहेत आणि नुकसानही इथेच जास्त होते.

व्हायल (झाकणाच्या छोट्या बाटल्या) तपकिरी काचेच्या घ्या. झाकणाच्या आतली चकती पीटीएफईची (टेफ्लॉनची) हवी, नुसत्या रबराची नको. पॅराफिल्म टोल्युइनच्या वाफेने मऊ होऊन विरघळते आणि द्रावणात मेण उतरते, म्हणून ती कुठेच वापरू नका. पॉलिस्टायरीनची भांडी आणि प्लास्टिकचे स्वस्त क्युव्हेट (वर्णपटमापकात ठेवायची छोटी चौकोनी पात्रे) टोल्युइनमध्ये विरघळतात. मार्करने लिहिलेले नाव टोल्युइनच्या एका थेंबाने पुसले जाते, म्हणून पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी बाहेरून बांधा किंवा काचेवर कोरून खूण करा.

सिरिंज काचेची घ्या. काळे रबर असलेला दट्ट्या टोल्युइनमध्ये फुगतो आणि त्यातली द्रव्ये अतिनील भागात शोषण दाखवतात. फिल्टर ०.२ मायक्रोमीटर छिद्रांचा, पीटीएफईचा. सेल्युलोज ॲसिटेटचा फिल्टर अशा द्रावकांपुढे भरवशाचा नाही.

ऑटोपिपेटने टोल्युइन मोजू नका. तिच्या आत द्रावकाची वाफ साचते, टोकातून थेंब गळतो आणि दर वेळी वेगळे आकारमान पडते. काचेची ए-वर्गाची पिपेट आणि रबरी फुगा वापरा.

हातमोज्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. निळे नायट्राइलचे पातळ मोजे टोल्युइन आणि क्लोरीनयुक्त द्रावक काही मिनिटांतच आरपार जाऊ देतात. शिंतोडा उडाला की मोजे लगेच बदला. जास्त वेळ हाताळणी असेल तर व्हिटॉनचे किंवा बहुपदरी लॅमिनेटचे मोजे घाला.

वजनासाठी काचेचे किंवा ॲल्युमिनियमचे छोटे पात्र घ्या. फुलरीनची पूड प्लास्टिकच्या वजनपात्राला स्थिर विद्युतभाराने चिकटते, कोरड्या हवेत तर फारच. पात्र रिकामे केल्यावर पुन्हा तोला आणि दोन वजनांतला फरक धरा.

टप्पा ४: माहीत असलेल्या तीव्रतेचे द्रावण

१. २५ मिलिग्रॅम पूड तोलून २५० मिलिलिटरच्या मोजफ्लास्कमध्ये घ्या. सूक्ष्मतुला असेल तर ५ मिलिग्रॅम आणि ५० मिलिलिटर चालतील. चार दशांश स्थळांच्या साध्या तराजूवर ५ मिलिग्रॅम तोलले तर ०.१ मिलिग्रॅमचा फरक म्हणजे थेट २ टक्के चूक होते.

२. फ्लास्क दोन तृतीयांश भरेल एवढे टोल्युइन घाला, अजून खुणेपर्यंत नेऊ नका. फॉइलमध्ये गुंडाळून हलक्या वेगाने हलवत ठेवा. एवढ्या विरल द्रावणाला काही तास लागतात. रात्रभर ठेवणे उत्तम.

३. फ्लास्क तिरका धरून तळाशी आणि मानेच्या आत उजेड टाकून पाहा. मानेला चिकटलेले काळे कण हमखास सुटून जातात. ते थोड्या टोल्युइनने खाली धुवा.

४. फ्लास्क २५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून मगच खुणेपर्यंत भरा. टोल्युइन दर अंशाला सुमारे ०.१ टक्का फुगते. मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत भरलेला फ्लास्क २५ अंशांवरच्या फ्लास्कच्या तुलनेत दीड टक्का कमी द्रव धरतो.

हे द्रावण ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे. सी-६० चा रेणुभार ७२०.६६ आहे, म्हणजे तीव्रता सुमारे ०.१३९ मिलिमोलर. याच्यापासून १, २, ३, ४ आणि ५ मिलिलिटर घेऊन प्रत्येकी ५० मिलिलिटर करा. ०.००२ ते ०.०१० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर अशी पाच प्रमाणद्रावणे तयार होतात. ती टप्पा ७ मध्ये लागतील.

अल्ट्रासॉनिक टाकीचा मोह आवरा. ती पुडीचे ढेकूळ फोडते हे खरे, पण द्रव तापवते आणि इतके बारीक कण करते की ते गाळणीतून निसटून पुढे जातात. ज्ञात तीव्रतेच्या विरल द्रावणात सुरुवातीला दोन-तीन मिनिटे चालवली तर हरकत नाही. संपृक्त द्रावणासाठी ती नकोच.

टप्पा ५: संपृक्त द्रावण

मीठ-साखरेची सवय इथे बाजूला ठेवावी लागते. टोल्युइनमध्ये सी-६० ची विद्राव्यता तापमानाबरोबर वाढतच जात नाही. ती साधारण ७ अंश सेल्सिअसजवळ सर्वांत जास्त असते आणि तिथून वर जाताना घटते. हे १९९३ मध्ये मोजून दाखवले गेले, आणि हेक्झेन व कार्बन डायसल्फाइडमध्येही शिखर त्याच आसपास सापडले. नंतरच्या अभ्यासांत कारण तळाच्या घन पदार्थात सापडले: कमी तापमानाला तळाशी शुद्ध सी-६० नसून द्रावकाचे रेणू सामावून घेतलेला स्फटिक, म्हणजे सॉल्व्हेट, स्थिर असतो. शिखराच्या अलीकडे आणि पलीकडे द्रावणाचा समतोल दोन वेगळ्या घन पदार्थांशी असतो. शिखर कोणत्या तापमानाला येईल हे द्रावकावर अवलंबून आहे, त्यामुळे टोल्युइनचे वागणे ऑर्थो-डायक्लोरोबेंझीनला लावू नका.

याचा व्यवहारातला अर्थ असा. "लवकर विरघळावे म्हणून गरम केले" तर विरघळण्याचा वेग वाढतो, पण त्या तापमानाला मावणारे प्रमाण कमी असते. आणि नागपूरला जानेवारीत व मे महिन्यात "खोलीच्या तापमानाला" मोजलेले आकडे वेगळे येणारच. तापमान नियंत्रित केले नाही तर मोजणी करण्यात अर्थ नाही.

१. पाच मिलिलिटर टोल्युइनच्या चार व्हायल तयार करा. प्रत्येकीत २५ मिलिग्रॅम पूड घालायची आहे, पण खालच्या दुसऱ्या पायरीनंतर. पाच मिलिलिटरमध्ये सुमारे १४ मिलिग्रॅम मावते, म्हणजे तळाशी ११ मिलिग्रॅमच्या आसपास उरेल. फार कमी पूड उरवली तर द्रावण संपृक्त झाले की पूडच संपली, हे कळत नाही.

२. द्रावकातला ऑक्सिजन काढण्यासाठी दहा मिनिटे नायट्रोजन सोडा. तो वायू आधी टोल्युइन भरलेल्या धावनबाटलीतून न्या, नाहीतर तुमच्या व्हायलमधले टोल्युइनच उडून जाईल. हे काम पूड घालण्याआधी करा. पूड घातल्यावर बुडबुड्यांनी ती झाकणापर्यंत चढते.

३. व्हायल बंद करा, फॉइल गुंडाळा, तोलून वजन लिहून ठेवा.

४. २५ अंशांना थर्मोस्टॅट असलेल्या शेकर-बाथमध्ये ठेवा. हलवणे मंद असू द्या. मॅग्नेटिक स्टररची कांडी पूड तळाशी घासून दळते आणि उष्णता बंद ठेवली तरी मोटरच्या उबेने व्हायलचा तळ दोन-चार अंश तापू शकतो. स्टररच वापरायचा असेल तर व्हायल पाण्याच्या नियंत्रित टाकीत बुडवलेली हवी.

५. पहिली व्हायल २४ तासांनी, दुसरी ४८ तासांनी, तिसरी ७२ तासांनी काढा. चौथी टप्पा ८ साठी राखून ठेवा.

तपासणी: काढताना प्रत्येक व्हायल पुन्हा तोला. वजन घटले असेल तर द्रावक उडाला आहे. ती व्हायल बाद. आकडा दुरुस्त करून वापरण्याच्या फंदात पडू नका.

टप्पा ६: निवळणे आणि गाळणे

हलवणे थांबवून व्हायल त्याच टाकीत चार तास स्थिर ठेवा. टोल्युइनमध्ये पूड नीट बसते, कारण सी-६० ची घनता १.६५ ते १.७ आणि टोल्युइनची ०.८६. कार्बन डायसल्फाइडची घनता १.२६ आणि ऑर्थो-डायक्लोरोबेंझीनची १.३० आहे, त्यामुळे तिथे बसायला जास्त वेळ लागतो. १,२,४-ट्रायक्लोरोबेंझीनची घनता १.४५ च्या वर आहे. त्यात निवळण्यावर विसंबू नका, सेंट्रिफ्यूज करा, आणि तेही तापमान नियंत्रित असलेल्याच यंत्रात.

सिरिंज, सुई आणि फिल्टर हे सगळे गाळण्याआधी अर्धा तास २५ अंशांच्या पेटीत ठेवा. थंड किंवा तापलेल्या सिरिंजमध्ये संपृक्त द्रावण ओढले तर त्याचा समतोल लगेच हलतो. वरच्या थरातले ३ मिलिलिटर ओढा, फिल्टरमधून पहिले १ मिलिलिटर टाकून द्या, कारण कोरडा फिल्टर सुरुवातीला थोडे सी-६० शोषून घेतो. उरलेले कोरड्या व्हायलमध्ये घ्या. पंप लावून निर्वात गाळणी करू नका. द्रावक उडतो, द्रव थंड होतो आणि तीव्रता वाढते.

तपासणी: गाळलेल्या द्रवातून लाल लेझर पॉइंटरचा किरण बाजूने पाहा. किरणाची रेघ ठळक दिसली तर कण उरले आहेत. हिरवा लेझर घेऊ नका, सी-६० स्वतःच तो प्रकाश शोषते आणि परीक्षा फसते.

टप्पा ७: विरल करणे आणि मोजणे

गाळल्याबरोबर १ मिलिलिटर पिपेटने घेऊन २५ मिलिलिटर करा. त्यातून २ मिलिलिटर घेऊन पुन्हा २५ मिलिलिटर करा. एकूण विरलीकरण ३१२.५ पट. मूळ द्रावण २.८ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर आता ०.००९ झाले, म्हणजे प्रमाणद्रावणांच्या मर्यादेत बसले.

१ सेंटिमीटरचा क्वार्ट्झ क्युव्हेट घ्या. टोल्युइनमध्ये सी-६० चे शिखर ३३४ ते ३३६ नॅनोमीटरला येते आणि साध्या काचेचा क्युव्हेट तिथे प्रकाश अडवू लागतो. २५७ नॅनोमीटरचे मोठे शिखर टोल्युइनमध्ये शोधू नका. साधारण २८५ च्या खाली टोल्युइन स्वतःच सगळा प्रकाश गिळते. ते शिखर पाहायचे तर हेक्झेन लागते.

कोरा संदर्भ म्हणून त्याच बाटलीतले टोल्युइन ठेवा. पाचही प्रमाणद्रावणांचे शोषण मोजा, रेषा काढा. ती शून्याच्या जवळून गेली पाहिजे. मग नमुने मोजा. पुस्तकातला मोलर शोषकता गुणांक थेट लावण्यापेक्षा स्वतःची रेषा बरी, कारण छापील आकडे आपसांत जुळत नाहीत आणि तुमच्या यंत्राची पट्टरुंदीही त्यात येते.

तपासणी: २५ पट विरल केलेल्या द्रावणाचा ३५० ते ८०० नॅनोमीटरपर्यंतचा वर्णपट घ्या. ४०७ नॅनोमीटरला छोटे, टोकदार शिखर दिसले पाहिजे. ७०० च्या पुढे रेषा तळाला टेकलेली हवी. तिथे ती उचललेली असेल तर प्रकाश विखुरणारे कण आहेत आणि ३३५ वरचा आकडाही फुगलेला आहे. पुन्हा गाळा. ४३० ते ५०० च्या दरम्यानची दरी भरत चालली असेल तर ऑक्सिडेशन किंवा सी-७० यांचा संशय घ्या.

वर्णपटावर एकट्यावर विसंबायचे नसेल तर वजनाचाही पडताळा घ्या. त्यासाठी वेगळी, १० मिलिलिटरची व्हायल ५० मिलिग्रॅम पुडीसह लावा. गाळलेले ५ मिलिलिटर आधी तोललेल्या छोट्या पात्रात हूडमध्ये उडवा, मग टप्पा २ प्रमाणे निर्वात ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. सुमारे १४ मिलिग्रॅम उरायला हवेत. वजनाचा आकडा वर्णपटाच्या आकड्यापेक्षा दर वेळी थोडा जास्तच येत असेल तर द्रावक अजून स्फटिकांत अडकलेला आहे.

टप्पा ८: उलट बाजूने पडताळा

हा टप्पा जवळजवळ सगळेच वगळतात, आणि विद्राव्यतेच्या आकड्याला वजन येते ते याच्याचमुळे. २४, ४८ आणि ७२ तासांचे आकडे २-३ टक्क्यांच्या आत जुळले म्हणजे द्रावण वर चढायचे थांबले, एवढेच कळते. तीव्रता जास्त बाजूने उतरूनही त्याच आकड्यावर येते का, हे पाहायला हवे.

नेहमीच्या पदार्थांत त्यासाठी द्रावण गरम करतात. इथे ते थंड करायचे. चौथी व्हायल १० अंशांच्या आसपास दोन दिवस हलवत ठेवा, तिथे टोल्युइनमध्ये जास्त सी-६० उतरते. मग २५ अंशांच्या टाकीत आणून आणखी ७२ तास ठेवा आणि पहिल्या तिघींसारखीच गाळून मोजा. दोन्ही बाजूंचे आकडे जुळले तर समतोल गाठला. उलट बाजूचा आकडा जास्त असेल तर वेळ कमी पडला आहे, आणखी तीन दिवस द्या. दोघांची सरासरी काढून मोकळे होऊ नका.

सॉल्व्हेट बनवणाऱ्या द्रावकांत तळाचा घन पदार्थही पाहा. मूळ पुडीचा पोत बदलून सुया किंवा चमकदार पत्रे दिसू लागले, तर समतोल आता नव्या घन पदार्थाशी आहे. अशा वेळी सुरुवातीला तीव्रता वर जाऊन नंतर घसरते. पहिल्या दिवशीचा मोठा आकडा उचलून छापला जातो तो असा. घन पदार्थाचा ओला नमुनाच क्ष-किरण विवर्तनाला द्या. वाळवला तर सॉल्व्हेट मोडू शकते.

नोंद करताना तापमान, वेळ, घन पदार्थाचे स्वरूप आणि एकक ही चारही लिहा. २५ अंशांना २.८ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजेच प्रति ग्रॅम टोल्युइन ३.२ मिलिग्रॅम आणि मोल-अपूर्णांकात ०.०००४२. पहिल्या दोन एककांची अदलाबदल झाली तर १५ टक्क्यांची चूक होते, आणि ती नुसती पाहून लक्षात येत नाही.

टप्पा ९: साठवण

उजेड आणि हवा एकत्र आली की सी-६० स्वतःच ऑक्सिजनला फार क्रियाशील रूपात आणते आणि हळूहळू स्वतःही ऑक्सिडाइज होते. तपकिरी बाटली, वर फॉइल, आत नायट्रोजन, आणि खोलीतल्या खिडकीपासून दूर. संपृक्ततेजवळचे द्रावण शिखराच्या तापमानाच्या बरेच खाली थंड केले तर तळाशी सॉल्व्हेटचे स्फटिक पडू शकतात. वापरण्याआधी ते २५ अंशांना पूर्ण विरघळू द्या. पावसाळ्यात फ्रिजमधली बाटली थंड असतानाच उघडली तर आत दव पडते, म्हणून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

दोन द्रावक मिसळताना सांभाळा. टोल्युइनच्या द्रावणात ॲसिटोनायट्राइल घालत गेले की विद्राव्यता झपाट्याने कोसळते आणि एका मर्यादेनंतर रंग जांभळ्याचा तपकिरी-पिवळा होतो, म्हणजे रेणूंचे पुंजके झाले. क्रोमॅटोग्राफीसाठी नमुना त्याच मिश्रणात बनवायचा असेल तर तीव्रता आधीच पुष्कळ कमी करा, नाहीतर स्तंभाच्या तोंडाशी फुलरीन साचते.

> सावधान: प्रयोगशाळेत बनवलेले कोणतेही सी-६० द्रावण, तेलातले असले तरी, पोटात घेण्यासाठी किंवा अंगाला लावण्यासाठी नाही.

टप्पा १०: भांडी धुणे आणि उरलेले परत मिळवणे

भांडे आधी टोल्युइनने दोनदा विसळा, मगच ॲसिटोन. उलटे केले तर ॲसिटोनमध्ये सी-६० न विरघळता काचेवर तपकिरी पापुद्रा धरते आणि पुढच्या मोजणीत हळूच उतरते. क्युव्हेट धुतल्यावर त्यात कोरे टोल्युइन भरून ३३५ नॅनोमीटरला शून्य येते का, ते पाहा.

टोल्युइनची विसळणी एका बाटलीत साठवा. पुरेशी झाली की रोटरी इव्हॅपोरेटरवर घट्ट करा आणि तिच्या तीन-चार पट मिथेनॉल घाला. सी-६० खाली बसते, ते गाळून मिथेनॉलने धुऊन वाळवा. ही पूड द्रावक धरून असते, म्हणून ती विद्राव्यतेच्या मोजणीत परत वापरण्याआधी टप्पा २ पुन्हा करावा लागतो. क्लोरीनयुक्त द्रावकांचा कचरा वेगळ्या कॅनमध्ये, टोल्युइनचा वेगळ्या. कार्बन डायसल्फाइड या दोन्हींत मिसळू नका. त्याची बाटली स्वतंत्र, घट्ट बंद आणि लेबल लावलेली हवी.